दारू न पिताही यकृतात चरबी

दारूला कधी न शिवलेल्यांच्या यकृतातही चरबी साठते. गोड चहा, बिस्किटं, मैद्याचे पदार्थ दिवसभर पोटात जात राहिले की रक्तातली साखर वारंवार चढते आणि स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. वजन वाढलेलं असेल तर स्नायू या इन्सुलिनला दाद देईनासे होतात. यकृत मात्र त्याच्याच हुकमाने साखरेची चरबी बनवत राहतं! शीतपेयांतल्या फ्रुक्टोजचा मोठा भारही त्याच्यावरच पडतो. सुरुवातीला काहीच दुखत नाही, हे फार घातक. पण वजन ७ ते १० टक्के उतरलं, तर यकृतातली चरबी आणि सूज कमी होऊ शकते. साखर आधी तोडा. भाकरी, उसळ, पालेभाजी ताटात वाढवा. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.