यंत्राची थरथर



या व्यासपीठावर मोठमोठे पंडित बोलून गेले. मी दहावीत शाळा सोडलेला कामगार कार्यकर्ता. आणि बोलणार आहे सर्व्हो मोटरवर! हा विषय इंजिनिअरांचा खरा. पण त्यापायी माणसाची नोकरी जाऊ लागली म्हणजे तो आमचाही होतो.

सीएनसी यंत्रात टेबल कुठे जायचे ते संगणक सांगतो, ते कुठवर आले ते एन्कोडर कळवतो, आणि या दोहोंत जितके अंतर, तितक्या प्रमाणात मोटर धावते. हे प्रमाण म्हणजे गेन. सेकंदाला २० मिलिमीटर वेग आणि गेन ४० असेल, तर वेगळी भरपाई नसताना टेबल हुकमाच्या अर्धा मिलिमीटर मागे चालते. दोन्ही अक्ष सारखेच मागे राहिले तर सरळ रेषा सरळ निघते. त्यांचे गेन वेगवेगळे असले की वर्तुळ लंबगोल झालेच. बरे, गेन वाढवीत जावे, तर मर्यादेपलीकडे यंत्र थरथरू लागते.

एका कारखान्यात फिरत्या टेबलावर पूर्वीपेक्षा बरेच जड फिक्स्चर चढवले. आकडे मात्र जुन्या ओझ्याचेच राहिले. ऑपरेटर पहिल्याच पाळीत म्हणाला, "साहेब, टेबल थांबताना डुलतंय." कोणी ऐकले नाही. जॉब नापास होऊ लागले, आणि निष्काळजीपणाची नोटीस त्यालाच! आकड्यांचा पासवर्ड त्याच्यापाशी नव्हताच. मी चौकशीत विचारले, ज्याला हात लावायची बंदी, त्याच्या हातून ही चूक व्हावी कशी? मग तंत्रज्ञ बोलावला. त्याने नव्या ओझ्याचे आकडे भरले आणि टेबल शांत झाले.

या शास्त्राचा उगम मला वाचनात सापडला. निकोलाय मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूवर निबंध लिहिला, तो सुकाणूवरच्या खलाशाकडे पाहून. जहाज किती भरकटले, किती वेगाने भरकटते आहे आणि किती वेळ भरकटलेलेच आहे, या तिन्हींचा अंदाज घेऊन खलाशी चाक फिरवतो. आजच्या कंट्रोलरमधले तीन गुणक ते हेच!

नोटीस मागे घेतली गेली. आम्ही पासवर्ड मागत नाही. उगाच गेन वाढवून यंत्र बिघडवणारे आमच्यातही निघतील. फिक्स्चर बदलले की ओझ्याची नोंद व्हावी, आणि ट्यूनिंगच्या वेळी ऑपरेटर यंत्रापाशी असावा, एवढेच मागणे आहे. पहिले मान्य झाले. दुसऱ्यावर पुढच्या आठवड्यात बोलणी आहेत.