दफ्तराचा धनी कोण?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कंपनीची माहिती, म्हणजे ज्याला आज आपण सर्रास डेटा म्हणतो, ती सांभाळताना व्यवहार जाणणारा आणि यंत्र जाणणारा यांनी एकत्र कसे काम करावे, हा माझा विषय आहे. बक्षीस समारंभाच्या दिवशी तो काहीसा रुक्ष वाटेल. परंतु आपल्याकडे दहावीनंतर मुले दोन वाटांनी जातात. काही वाणिज्य शाखा घेतात, काही संगणकाकडे वळतात. पुढे दोघेही एखाद्या कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर येऊन बसतात, आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. त्या न कळण्याची किंमत कंपनी तर मोजतेच, पण पुष्कळदा तिऱ्हाईत निरपराध माणूसही मोजतो. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

जुन्या पेढीवर ही अडचण नव्हती. मुनीम रोजकीर्द लिही, तिच्यावरून खतावणी करी, आणि कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी सुगीनंतर वसूल होते हेही त्यालाच ठाऊक असे. दफ्तर, जमा, हिशेब, तारीख हे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते बाहेरचे वाटतच नाहीत. वहीतला आकडा आणि त्या आकड्याचा अर्थ, दोन्ही एकाच डोक्यात असत. संगणक आला आणि या एका माणसाची दोन माणसे झाली. अर्थ जाणणारा एका खोलीत बसू लागला आणि आकडा सांभाळणारा दुसऱ्या खोलीत.

ही फारकत अटळ होती असे मात्र नाही. व्यापारात संगणक प्रथम कोणी आणला हे पाहिले तर आश्चर्य वाटेल. लंडनची जे. लायन्स आणि कंपनी ही चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालविणारी पेढी. तिचे दोन अधिकारी 1947 साली अमेरिकेत कचेरीच्या कामाच्या नव्या पद्धती पाहायला गेले. तेथे त्यांना समजले की, त्यांच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स असे यंत्र तयार करीत आहेत. लायन्सने त्या कामाला 3,000 पौंडांची मदत दिली, आपला एक माणूसही दिला, आणि पुढे त्याच धर्तीवर ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला. 1951 च्या नोव्हेंबरात त्याने बेकरीच्या मालाचे मूल्य काढण्याचे काम सुरू केले.

या हकिकतीतला बोध यंत्रात नाही, माणसांच्या मांडणीत आहे. यंत्र उभारणारे जॉन पिंकर्टन हे अभियंता होते. यंत्राने काय करायचे हे ठरविणारे डेव्हिड कॅमिनर हे लायन्सच्याच कचेरीत उमेदवारी करून वर आलेले होते. पुढे दुकानांच्या रोजच्या मागणीचे काम संगणकावर घेतले, तेव्हा प्रत्येक दुकानाची वाराप्रमाणे ठराविक मागणी आधीच नोंदवून ठेवली. दुकानाच्या व्यवस्थापिकेला रोज ठरल्या वेळी फोन जाई, आणि तिने फक्त फरक सांगायचा: आज पाव इतके जास्त, केक इतके कमी. तो फरक कार्डांवर छिद्रे पाडून यंत्रात जाई. रोजची मागणी बरीचशी सारखीच असते, हे ज्ञान दुकानाचे. थोडीच कार्डे लागल्याने काम वेळेत उरकते, हे ज्ञान यंत्राचे. दोन्ही एका मेजावर आली म्हणून ही युक्ती सुचली.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. समजा, कोकणातून आंब्याचा रस आणि मासळी परदेशी पाठविणारी एक कंपनी आहे. मालक संगणक विभागाला म्हणतो, “मार्चमधील विक्री किती झाली ते सांगा.” प्रश्न सोपा वाटतो. परंतु विक्री झाली कधी म्हणायची? परदेशच्या गिऱ्हाइकाने मागणी नोंदविली त्या दिवशी, माल कारखान्यातून निघाला त्या दिवशी, न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढला त्या दिवशी, की पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी? विक्री विभाग पहिली तारीख धरतो, गोदामवाला दुसरी, हिशेबनीस तिसरी आणि वसुलीवाला चौथी. चार माणसांचे चार आकडे, आणि आपापल्या जागी चारही खरे! 31 मार्चला वर्ष संपते तेव्हा याच फरकावर नफा आणि कर ठरतात.

यांपैकी कोणती तारीख धरायची हे संगणकतज्ज्ञाने परस्पर ठरवू नये. तो व्यवहाराचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. परंतु हिशेबनिसालाही हे माहीत नसते की, यंत्रात साठविलेली तारीख माल निघाल्याची नसून कारकुनाने नोंद केल्याची आहे, आणि शनिवारी निघालेला माल सोमवारी नोंदला जातो. हे तंत्रज्ञालाच ठाऊक असते. दोघांनी एकमेकांना विचारले नाही, तर सुबक छापलेला चुकीचा कागद मालकाच्या हाती पडतो आणि त्यावर कर्ज काढले जाते.

हे छोट्या कंपनीचे झाले. 15 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत निघाली, तेव्हा जगातल्या बड्याबड्या बँकांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर लवकर देता येईना: या लेहमनकडे आपले एकूण येणे किती? लेहमन म्हणजे एक कंपनी नव्हती. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या नावांनी तिच्या अनेक कंपन्या होत्या. एका विभागाच्या नोंदीत एक नाव, दुसऱ्याच्या नोंदीत दुसरे. यंत्रे महागडी होती, पण ही सर्व नावे एकाच घरची आहेत हे त्यांना कोणी सांगून ठेवले नव्हते.

या धड्यातून दोन गोष्टी निघाल्या. प्रत्येक कंपनीला जगभर चालणारा 20 अक्षर-अंकांचा एकच ओळखक्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेनेही 2017 पासून मोठ्या कर्जदारांना तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. दुसरे म्हणजे, बँकांवरील देखरेखीचे नियम ठरविणाऱ्या बाझल समितीने जानेवारी 2013 मध्ये जोखमीच्या माहितीसंबंधी 14 तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, माहितीच्या मालकीची आणि शुद्धतेची जबाबदारी व्यवहार विभाग आणि संगणक विभाग या दोघांनाही नेमून दिलेली असावी. बड्या बँकांना तीन वर्षांची मुदत होती. 2023 च्या शेवटी समितीने आढावा घेतला तेव्हा 31 बँकांपैकी फक्त दोन बँका सर्व तत्त्वे पूर्णपणे पाळत असल्याचे आढळले. पैशाला तोटा नसलेल्या संस्थांची ही गत! यंत्र विकत घेता येते. दोन विभागांतला सलोखा विकत मिळत नाही.

तिऱ्हाईत माणूस किंमत मोजतो असे मी म्हणालो. इंग्लंडमध्ये 2020 साली कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल एका जुन्या धर्तीच्या एक्सेल फाइलीत भरले जात. तिच्यात 65,536 ओळींच्या पुढे जागा नसते. फाइल भरली आणि पुढचे निकाल मुकाट्याने गळून पडले. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातील 15,841 बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्याचे काम कित्येक दिवस रखडले. ओळींची मर्यादा तंत्र जाणणाऱ्याला ठाऊक असते. रोग्यांची संख्या किती वेगाने वाढते आहे हे आरोग्य खात्याला ठाऊक असते. ही दोन ज्ञाने वेळेवर भेटली नाहीत.

मग करायचे काय? चांगल्या कंपन्यांत तीन भूमिका ठरविलेल्या असतात. पहिला धनी. ‘ग्राहक’ कोणाला म्हणायचे, ‘विक्री’ केव्हा धरायची, हे ठरविण्याचा अधिकार आणि चुकल्यास जाब देण्याची जबाबदारी त्याची. हा नेहमी व्यवहाराकडचा असावा. दुसरा कारभारी. तो त्याच विभागातला, रोजच्या नोंदी तपासणारा, दुबार नावे आणि रिकामे रकाने शोधून दुरुस्त करून घेणारा. तिसरा तंत्रज्ञ, म्हणजे कोठाराचा राखणदार. साठवण, सुरक्षितता, नक्कलप्रत, आणि एखादा आकडा कोठून निघून कोणत्या वाटेने आला याचा माग ठेवणे हे त्याचे काम. या तिघांनी मिळून एक शब्दकोश करायचा. त्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ, त्याचा धनी आणि यंत्रातली त्याची जागा लिहिलेली असावी. महिन्यातून एकदा तिघांनी बसून तो वाचावा. एवढे केले तरी निम्मी भांडणे मिटतात.

दोष दोन्हीकडे असतो, हेही सांगितले पाहिजे. व्यवहारवाला म्हणतो, “संगणकाचे मला काही समजत नाही, तुम्हीच बघा,” आणि मग आपल्या टेबलावर स्वतःची वेगळी यादी गुपचूप ठेवतो. तंत्रज्ञ म्हणतो, “तुम्ही सांगितले तसे मी केले,” आणि का करायचे ते विचारीत नाही. पहिल्याने आळस सोडावा, दुसऱ्याने ताठा.

2023 साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. सुरक्षिततेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. माहिती बाळगणाऱ्या संस्थेला या कायद्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा आहे. आपल्या घरांत त्याला जुना शब्द आहे: अमानत. ती कोणत्या कामासाठी घेतली हे व्यवहारवाल्याने सांगायचे, आणि काम संपल्यावर ती खरोखर पुसली गेली की नाही हे तंत्रज्ञाने दाखवायचे. एकट्याने ती राखता येत नाही.

शेवटी आपल्या संस्थेच्या उंबरठ्यापर्यंत येतो. मोहम्मद हे नाव आपल्या नोंदवह्यांत किती तऱ्हांनी लिहिलेले आढळते! इंग्रजीत कोणी ओ घालतो, कोणी यू. कोणी चारच अक्षरांत उरकतो. शेख आणि काझी या आडनावांचीही तीच कथा. दाखल्यावर एक, पारपत्रावर दुसरे, आणि आखातातील नोकरीच्या कागदावर तिसरे. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी पारपत्रावर एकच नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे ठरविले. दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा नंतर झाला. मधल्या काळात किती घरांत धाकधूक झाली असेल याची कल्पना येथे बसलेल्या पालकांना सांगायला नको.

शाळेच्या प्रवेश अर्जात नावाचे रकाने किती असावेत, वडिलांचे नाव कोठे लिहावे, संक्षेप चालेल की नाही, हे आज संगणकाचा कार्यक्रम विकणारा ठरवितो. ते मुख्याध्यापक, कारकून आणि पालक यांनी ठरवावे, आणि मग यंत्रवाल्याकडून तसे करून घ्यावे. कंपनीचे जे सूत्र मी सांगितले ते येथेही तंतोतंत लागू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वाणिज्य शिकणाऱ्यांनी माहितीचा तक्ता कसा रचतात हे थोडे शिकावे. संगणक शिकणाऱ्यांनी ताळेबंद वाचायला शिकावे. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्षातून एक तरी काम दोन्ही शाखांच्या मुलांना जोडीने द्यावे. आपल्याच ग्रंथालयाची नोंदवही त्यासाठी पुरेशी आहे. ‘पुस्तक हरवले’ असे केव्हा म्हणायचे, या एका प्रश्नावर ती तासभर वाद घालतील, आणि पुढे मोठ्या कचेरीत जे शिकायला वर्षे जातात ते येथेच शिकतील.