थोरलीचा अभ्यास आणि धाकट्याचा पाट

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि पेण-रोह्यात आम्हा आयांनाच गुरुजी व्हावे लागले. माझी थोरली चौथीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. ताईने वही उघडली की स्वारी वहीवरच!

“तू मोठी ना, जरा बघ त्याला,” असे थोरलीला सांगणे सोपे. पण मग तिचे गणित बुडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हेच पाहिले होते. धाकटी भावंडे सांभाळायची म्हणून आदिवासी मुली शाळेत येत नसत. १९५७ साली त्या कोसबाडला गेल्या. तेथील विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणली.

घरी मी तेच केले. पहिली पंधरा मिनिटे धाकट्याची. मग ताईशेजारीच त्याचा पाट. पेणला शाडूला काय तोटा! ओल्या फडक्यातला गोळा दिला की लाडू, उंदीरमामा वळणे सुरू. रोह्याची माझी बहीण वाल नि चवळी मिसळून निवडायला देई. (दाणा नाकात जातो हो, लक्ष हवेच!) अर्ध्या तासात कंटाळा मात्र ठरलेला. म्हणून गणित आधी, शुद्धलेखन मागाहून. त्या वेळी मी भाजी निवडी नि तो शेंगा सोली.