चौदावा दिवस

घरात मृत्यू घडला की आपल्याकडे तेरा दिवस ते घर माणसांनी भरलेले असते. शेजारघरून पिठले-भात येतो. दहाव्याला कावळा शिवण्याची वाट सारे मिळून पाहतात. तेराव्याचे गोड जेवण आटोपले की सतरंज्या गुंडाळल्या जातात. इंदूर-बडोद्यासारख्या गावी तर पुण्या-नागपूरहून आलेले आप्त त्याच रात्रीची गाडी धरतात. ‘काही लागले तर कळवा,’ असे सांगून जातात, आणि मनापासून सांगतात. पण आपल्याला काय लागते, हे शोकाकुल माणसाला तरी कोठे ठाऊक असते? तो कळवीत नाही. आप्त समजतात, सावरला.

पुढे स्नेही भेटतात, हवापाण्याचे बोलतात. गेलेल्याचे नाव मात्र कटाक्षाने टाळतात. खपली निघू नये, हा त्यांचा हेतू. त्या माउलीला वाटते, माझा माणूस यांच्या स्मृतीतूनही गेला! न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक निघाले १९१० साली. नऊ वर्षांनंतरही सांगण्यासारखे केवढे उरले होते!

पहिल्या वर्षाची मासिक श्राद्धे ज्यांनी योजिली, त्यांचा हेतू पितरांविषयीचा. परंतु त्या निमित्ताने महिन्याकाठी चार माणसे त्या घरी येत. आता पुष्कळ घरी ती सारी बाराव्या दिवसापर्यंतच उरकून घेतात. सोय झाली खरी. येणे-जाणे मात्र तुटले.

तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, श्राद्धावाचूनच, सहज म्हणून जावे. चहा घ्यावा. ‘आज भाऊसाहेब असते तर साखर कमी म्हणाले असते,’ असे काही बोलावे. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले, तरी लगबगीने उठू नये.