मागचा माणूस

 

आमच्या आधी मोठमोठे महाराज बोलले. आम्हाला कीर्तन येत नाही. आम्ही चालणारी माणसं, तेव्हा चालण्याचंच बोलतो. तेही विलायतेतल्या.

लेक तिकडे ब्रिस्टॉलला असते. तिने आम्हा दोघांना आठवडाभर एका चालणाऱ्या मंडळींत धाडलं. तिकडे लोक रजा काढून, पैसे भरून नुसते चालायला जातात. ऐकून आम्हाला हसूच आलं. सुटीत पाय दुखवून घ्यायचे, तेही पैसे देऊन!

ही चाल कुणी सुरू केली ते ऐका. उत्तर इंग्लंडात कोल्न नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे. तिथे टी. ए. लेनर्ड नावाचे पाद्री होते. गिरण्या वर्षातून आठवडाभर बंद राहत, तेव्हा कामगार समुद्रकाठच्या जत्रेसारख्या गावी जाऊन साठवलेला पैसा उडवीत. १८९१ साली लेनर्डनी तीसएक जणांना घेऊन डोंगरातलं अँबलसाइड गाठलं आणि सगळ्यांना चालवलं. पुढे त्यातून सहकारी संस्था उभी राहिली. १९१३ साली त्यांनी दुसरी काढली, ती आजही चालू आहे. आपल्या दिंडीतही लालबाग-परळचे गिरणीवाले असत, त्यांची आठवण आली.

आम्ही गेलो ते एक्समूरला. उघडा माळ, झाड कमी, हेदरचं खुरटं झुडूप, मधेच पाणथळ. सगळ्यांत उंच जागा डंकरी बीकन, ५१९ मीटर. उत्तरेला माळ संपतो तो थेट समुद्राच्या कड्यावर. त्या कड्याकडेने माइनहेडपासून पूलपर्यंत ६३० मैलांची पायवाट आहे, म्हणजे हजार किलोमीटरवर. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला पहारेकरी कड्याकडेने फिरत, त्यातूनच ही वाट पडली. खांबावर ओकच्या फळाची खूण दिसली की वाट बरोबर. शेतातून वाट गेली तरी मालक अडवू शकत नाही, वाटेचा हक्क कायद्यात आहे. माळरानावर मात्र तो सहज मिळाला नाही. १९३२ साली किंडर स्काउट डोंगरावर शेकडो लोक मुद्दाम घुसले, त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. माळावर मोकळं फिरण्याचा कायदा व्हायला २००० साल उजाडलं.

मुक्काम एकाच घरात. रात्री जेवणानंतर वाटाडे उद्याच्या तीन वाटा सांगतात : सोपी, मधली, कठीण. ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यावी, कुणी कमीपणा मानत नाही. डब्यात पाव नि फळ. भजन नाही, टाळ नाही, नाम नाही. ती वारी नव्हे, आणि आम्हाला ती शांतता दोन दिवस खायलाच उठली. खोटं कशाला बोला?

पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पुढे वाटाड्या असतो, तसा सगळ्यांत मागे एक माणूस नेमलेला असतो. त्याला बॅक मार्कर म्हणतात. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढाच नेम. कुणी चपलेत खडा गेला म्हणून बसलं, तर तोही थांबतो. फाटकाशी पुढचा थांबतो, मागचा हात वर करतो, मग पुढे निघायचं. माळावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. त्या दिवशी आमच्या घरच्यांचा गुडघा धरला होता. तो मागचा माणूस दीड तास त्यांच्या चालीने चालला. भाषा एकमेकांची कळत नव्हती, तरी चालला.

आपल्याकडे पुढे पताका आहेत, विणेकरी आहे, चोपदार आहेत. मागे कोण? पुणे ते सासवड हा टप्पा किती लांब, हे तुम्हाला सांगायला नको. दिवे घाट चढून म्हाताऱ्या बायका वर येतात तोवर दिंडी पुढे गेलेली असते. सामानाचा ट्रक तर त्याआधीच गेलेला. मग गर्दीत आपला तंबू शोधत रात्र होते. गेल्या साली दोघीजणी सासवडला दुसऱ्याच दिंडीत झोपल्या. त्या माउलींनी भाकरी दिली, पांघरूण दिलं, म्हणून निभावलं.

तेव्हा शंभराव्या वर्षी आमची एवढीच विनंती आहे. आळंदीहून निघताना शेवटच्या माणसाच्या हाती एक पताका द्यावी. माणूस रोज बदलावा, तरणा असावा, आणि त्याच्या मागे आपल्या दिंडीतलं कुणी नसावं. सासवडच्या दिवसासाठी आमच्या नातवाचं नाव लिहून दिलं आहे. बाकीच्या दिवसांची नावं आज प्रसादाच्या आधी विणेकरी महाराजांकडे द्यावीत.