वाट कागदावर आणायची आहे
(वनहक्क समित्यांच्या मेळाव्यात आमच्या पाड्याच्या वतीने केलेले भाषण)



सकाळपासून प्लॉटवर बोलणं झालं. कुणाचे दोन एकर, कुणाकडे दंडाची पावती. आम्ही वाटेवर बोलणार आहोत. प्लॉटचा पट्टा हातात आला आणि जायची वाट बंद, तर तो पट्टा काय चाटायचा?

आमच्या पाड्यातून बाजाराला जाणारी वाट टेकडीवरून उतरते. डोक्यावर मोळी असो की सायकलीला मोहाचं पोतं, माणूस दीड तासात खाली. मागच्या पावसाच्या आधी तिथं रोपवन केलं. वाटेवर आडवे चर मारले, काटेरी तार ओढली. आता ओढ्याकडून वळसा, आणि ओढा भरला की तोही नाही. वनरक्षक म्हणतो, राखीव जंगल आहे, वाट बंद. रविवारी मात्र शहरातले गडी जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायला येतात, त्यांना तार वर धरून सोडतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाय. येऊ देत. पण त्या सायकलीला वाट आणि मोहाच्या सायकलीला तार, हे कसं?

भारतीय वन कायदा 1927 चा, इंग्रजांचा. पण त्याचं कलम 25 सुद्धा सांगतं की राखीव जंगलातली वाट बंद करायला आधी सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. शिवाय बदली सोयीची वाट असली पाहिजे, नाहीतर खात्याने करून दिली पाहिजे. म्हणून आम्ही माहिती अधिकारात आदेशाची प्रत मागितली. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. तीस दिवसांनी उत्तर आलं, असा आदेश आढळत नाही. मग गुपचूप एका जागी तार कापून फट ठेवली. माणूस आडवा होऊन जातो, सायकल जात नाही. ही फट मेहेरबानीची आहे. नवा वनरक्षक आला की बुजेल.

आता 2006 चा वनहक्क कायदा. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला निघाले. गौण वनोपज जंगलातून कशावर न्यायचं ते 2012 च्या दुरुस्तीआधी त्यात नावानिशी लिहिलं होतं: डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी. होय, सायकल! हक्क सायकलीवर नेण्याचा, तर ती काय तारेवरून चालवायची?

काही कार्यकर्ते म्हणाले, कलम 3(2) खाली रस्ता मागा. ते कलम सरकारने बांधायच्या सोयींचं: शाळा, दवाखाना, रस्ता. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पर्यंत झाडं, ग्रामसभेची शिफारस. डांबरी रस्ता हवा त्या पाड्यांनी जरूर मागावा. आमची वाट कुणी बांधायची नाही, तिच्यासाठी एक झाड पडणार नाही. ती आहेच. आहे तशी लिहून घ्यायची, सामूहिक दाव्याच्या नमुना 'ब' मध्ये, निस्ताराची आणि वहिवाटीची म्हणून.

पुरावा एकाहून जास्त लागतो. वयस्करांचा जबाब चालतो, पण दावेदार सोडून इतरांचा. आमच्यात तर सगळा पाडाच दावेदार. म्हणून पलीकडच्या पाड्यातल्या म्हाताऱ्या बाया बोलतील, लग्न होऊन त्या याच वाटेने गेल्या. वाटेवरचा देव, जुनी विहीर, मसणवटा, सगळं नकाशात दाखवायचं. ठरावाला ग्रामसभेत किमान निम्मी माणसं बसली पाहिजेत, तेव्हा त्या दिवशी मजुरीला जाऊ नका.

येत्या सोमवारी वनहक्क समिती वाट चालून पाहणार आहे. खात्याला तसं लेखी कळवलंय, पोच घेतलीय. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी पोतं बांधून आणा. फटीतून जाते का, ते पंचनाम्यात लिहू.