चौरागडाची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'दोन शब्द बोला' असे सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही महादेवाला जाऊन आलात ते सांगा." महादेवाला तर आपल्या पारशिवनीतून दरवर्षी बस भरभरून माणसे जातात, त्यात सांगण्यासारखे काय? मग मनात आले की, गेलेल्यांपैकी कितीतरी बायका बडा महादेवाच्या गुहेपासूनच हात जोडून परत फिरतात. वर जाण्याची इच्छा असते, पण पाय साथ देत नाहीत. मीही त्यांतलीच एक होते. तेव्हा आज देवाविषयी थोडे आणि पायांविषयी जास्त बोलणार आहे, त्याची क्षमा असावी.

ज्या भगिनी गेल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. पचमढी मध्यप्रदेशात, नर्मदापुरम् म्हणजे पूर्वीच्या होशंगाबाद जिल्ह्यात आहे. आपण सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असे घाट चढत जातो. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड तिथलेच. ते साडेतेराशे मीटर उंच आहे. चौरागड त्याहून थोडाच कमी, तोही तेराशे मीटरांच्या वर. बडा महादेवाकडून जंगलातली चढउताराची वाट सुटते आणि शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या लागतात. माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे, आणि त्याभोवती भक्तांनी वाहिलेल्या त्रिशुळांचे रानच्या रान उभे आहे. नागद्वारची यात्रा नागपंचमीला असते, पण तेव्हा आपल्याकडे धानाची रोवणी चाललेली असते. म्हणून आपल्या बायकांना महाशिवरात्रच सोयीची.

आमच्या सासूबाई कितीतरी वर्षे चौरागडावर त्रिशूळ घेऊन गेल्या. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा त्यांचे जाणे थांबले. २०२४ साली त्यांनी अडीच किलोचा त्रिशूळ करवून घेतला आणि माझ्या हाती दिला. त्या वेळी माझे वय अठ्ठेचाळीस. घरात दिवसभर उभी असते, पाणी भरते, दळण आणते. मला वाटले, आपल्याला चढायला काय झाले?

बसवाल्याने साडेचार तासांची मुदत दिली होती. उशीर होईल या धास्तीने मी तरुण मुलींच्या बरोबरीने धावतच सुटले. पायऱ्या लागल्यावर पहिल्या तीनशे तर मी दहा मिनिटांत चढले असेन. मग छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, पायांत शिशाचे गोळे. बसले ती उठवेना. जवळून जाणाऱ्या एका अनोळखी मुलाच्या हातात त्रिशूळ दिला आणि म्हटले, "बाबा, एवढा वर नेऊन वाहा." तो घेऊन गेला. मी खाली परतले.

भगिनींनो, इथवर झाले ते चालले असते. पण घरी आल्यावर सासूबाईंनी प्रसाद कपाळाला लावला आणि विचारले, "वाहिला ना वं माय?" आणि मी 'हो' म्हटले.

ते 'हो' मला आठ महिने टोचत राहिले. शेवटी पोळा, दसरा, दिवाळी सगळे झाल्यावर एका रात्री मी त्यांना खरे काय ते सांगून टाकले. मला वाटले, त्या रागावतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तिरसूल पोचला, देवाले काय, तो कोणाच्याही हातून घेते. पण तू नाही पोचली न. आता तू जा." दुसऱ्या दिवसापासून माझी तयारी सुरू झाली.

त्या वर्षी कार्तिक पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती आणि २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला. मधे एकशे तीन दिवस. कार्तिक पौर्णिमेला आपल्या रामटेकची यात्रा, आणि माघ वद्य चतुर्दशीला महादेवाची. म्हणजे आपल्या पंचांगानेच साडेतीन महिन्यांची मुदत आखून दिलेली आहे. चढाची तयारी करावयास एवढा वेळ अगदी योग्य आहे.

परंतु पहिली पायरी डोंगराची नव्हती, दवाखान्याची होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले नऊ. बाईला ते निदान बारा असावे. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू हिमोग्लोबिनच अंगभर वाहून नेते. तेच कमी असेल तर हृदयाने कितीही धडधड केली तरी पायांना पुरवठा कसा व्हावा? म्हणजे मी आळशी नव्हते, माझे रक्त कमी होते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर स्त्रियांत सत्तावन्न जणींना रक्तक्षय आढळला आहे. आपल्या महाराष्ट्रात चौपन्न. म्हणजे या मंडपातील निम्म्या बायका 'मला दम लागतो' म्हणून स्वतःलाच दोष देत असतील! मला लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-आवळ्याने मात्र मदत होते. छातीत दुखणे, रक्तदाब, मधुमेह ज्यांना असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज चढाच्या वाटेला जाऊ नये.

मग चालणे. पहिले चार आठवडे सपाटीवरच, आठवड्यातून पाच दिवस, पहाटे कालव्याच्या पाळीने. अर्ध्या तासापासून सुरुवात करून तासापर्यंत नेले. यात अडचण पायांची नव्हती, लोकांची होती. बाई काम असल्याशिवाय रस्त्याने चालत नाही, अशी आपल्याकडे समजूत. जो तो विचारी, "कुठं निघाल्या?" म्हणून मी हातात रिकामी पिशवी घेऊ लागले, पिशवी पाहिली की कोणी विचारीत नसे. साडीवर कॅनव्हासचे बूट पाहून मात्र लोक हसले. आठवड्याभरात हसून थकले.

दुसऱ्या चार आठवड्यांत घरच्या माडीचा जिना. सोळा पायऱ्या, आधी दहा फेऱ्या, मग वाढवीत तीस. आणि दर रविवारी रामटेक. अंबाळ्याकडून पायऱ्यांनी गडावर जायचे. रामटेकचा गड गावापासून सुमारे पाचशे फूट उंच आहे. चौरागडापुढे तो लहान, पण सरावाला आपल्या दारात देवाने ठेवलेला जिनाच आहे. पहिल्या रविवारी मला वर जावयास बावन्न मिनिटे लागली, चार ठिकाणी बसावे लागले, आणि फुटाण्यांची पुडी माकडाने नेली ती वेगळी.

तिसऱ्या चार आठवड्यांत तीच पिशवी, पण आता तिच्यात अडीच किलो तांदूळ, त्रिशुळाच्या वजनाचे. रविवारी गड एकदा नव्हे, दोनदा. आणि शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांत सगळे कमी करीत आणले. तयारी शरीरात मुरावयास विसावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काही साधत नाही, तसेच हे आहे.

आता वेगाविषयी. हे मला शिकविले आमच्या शेजारणीने. ती सबंध रोवणी बांधीत वाकून काढते. एका रविवारी ती माझ्याबरोबर रामटेकला आली. मी पुढे पळाले. ती मागून आपली एका लयीत आली आणि गडाच्या दाराशी माझ्या आधी पोचली. म्हणाली, "पहिल्याच ओळीले पळालं तर दुपारी कंबर धरते, ताई. रोवणीत सगळ्यात हळू बाई सगळ्यात जास्त रोवते, कारण ते थांबत नाही."

यामागे शास्त्रही आहे. चढाला लागल्याबरोबर हृदय आणि फुप्फुसे एकदम जोर धरीत नाहीत. त्यांना काही मिनिटे लागतात. तेवढ्यात आपण धावलो तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही आणि पाय जळू लागतात. ते कर्ज पुढे बसून फेडावे लागते. म्हणून पहिला पाव चढ आपल्याला वाटते त्याहून हळू चढावा. ओळखण्याची खूण सोपी आहे. चढताना सोबतिणीशी एक पुरते वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मधेच तुटले तर वेग जास्त. गाणे म्हणता आले तर वेग थोडा वाढवावयास हरकत नाही.

१८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने हिशेब घालून दिला, तो अजूनही चालतो. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. हा धडधाकट, सवयीच्या माणसाचा हिशेब. आपण गृहिणींनी त्याच्या दुप्पट वेळ धरावा. पण हिशेब धरावा जरूर! आपण घरखर्चाचा पै-पैचा हिशेब ठेवतो, दमाचा मात्र ठेवीत नाही.

माझा हिशेब असा होता. शंभर पायऱ्या चार मिनिटांत, मग एक मिनिट उभ्यानेच विसावा. बसायचे नाही, कारण बसले की पाय आखडतात. म्हणजे शंभराला पाच मिनिटे, तेराशेला पासष्ट. पाऊल लहान, टाच पूर्ण टेकलेली, दोन पायऱ्यांना श्वास आत, दोन पायऱ्यांना बाहेर. तहान लागण्याची वाट न पाहता दर विसाव्याला दोन घोट पाणी, त्यात लिंबू, मीठ, साखर. अर्ध्या वाटेवर गूळ-फुटाणे.

महाशिवरात्रीच्या दिवशी वाटेत पाऊल ठेवावयास जागा नसते, म्हणून आम्ही तीन दिवस आधी गेलो. पहाटे सहाला बॅटरी घेऊन निघालो. मुली पुढे गेल्या. त्यांच्यामागे पळावेसे मला फार वाटले, खोटे कशाला बोलू? पण मी बोटांवर पायऱ्या मोजत राहिले. सहा पन्नासला पायऱ्यांचा पायथा. मागच्या वर्षी बसले होते ती जागा ओळखीची निघाली. तिथे मी ठरल्याप्रमाणे एक मिनिट उभी राहिले आणि पुढे निघाले. सातशे पायऱ्यांच्या सुमारास पुढे गेलेल्या दोन मुली कठड्याला टेकून धापा टाकीत होत्या. त्यांना लिंबूपाणी दिले आणि म्हटले, "आता माझ्या मागून या, बोलत बोलत." त्या आल्या. आठ वाजावयास दोन मिनिटे कमी असताना आम्ही माथ्यावर होतो. पायऱ्यांना अडुसष्ट मिनिटे लागली. तीन मिनिटे गर्दीने खाल्ली.

त्रिशूळ मी स्वतःच्या हाताने रोवला. सभोवार सातपुड्याच्या रांगा, खाली दरीत धुके. मला कोणताही मोठा विचार सुचला नाही. एवढेच वाटले की, आता घरी जाऊन खरे सांगता येईल.

उतरण्याविषयी एक शब्द. चढ दम काढतो, पण गुडघे उतारच मोडतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणत ताणत भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी उठवत नाही. सराव करताना गडावरून रिक्षाने उतरू नका. उतरण्याचाही सराव करा. उतरताना पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, हातात काठी. मी नऊ पन्नासला खाली पोचले. साडेचार तासांची मुदत होती, माझी चाळीस मिनिटे उरली. त्यात चहा झाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी काही विचारले नाही. माझे बूट पाहिले, लाल मातीने भरलेले. ते त्यांनी स्वतः उन्हात ठेवले. आज त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मी लांबण लावली म्हणून मला खुणा करीत आहेत.

भगिनींनो, १९८४ साली बचेंद्री पाल एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. आपल्याला एवढे मोठे काही करावयाचे नाही. पण आपल्यापैकी प्रत्येकीची एक अर्धवट सोडलेली वाट असते, आणि कित्येकदा ती इच्छाशक्तीच्या अभावी नव्हे, तर रक्त कमी, घाई जास्त आणि सराव नाही, एवढ्या साध्या कारणांनी सुटलेली असते. ही कारणे दूर करता येतात.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या कार्तिक पौर्णिमेआधी मंडळाने सर्व सभासद भगिनींची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी रामटेकला यावे. पिशवी आणावी, आधी रिकामी चालेल. बूट घालून यावे. आणि कोणी विचारले, "कुठं निघाल्या?" तर खरे सांगावे, "चालायला."